हाताला गुण, कुंडीला भोक

गुढीपाडव्याला तुम्ही नौपाड्यातून कासारवडवलीच्या नव्या घरात राहायला गेलात. सतरावा मजला, बाल्कनी पश्चिमेला. हौसेनं एकदम बारा झाडं आणलीत: मोगरा, दोन कलमी गुलाब, जास्वंद, तुळस, अॅडेनियम, अँथुरियम, अरेका पाम, स्नेक प्लांट, पीस लिली, मनीप्लांट आणि ‘मोठ्या ठिपकेदार पानांचं एक, नाव माहीत नाही’. गणपती येईपर्यंत त्यातली सात गेली. मोगऱ्याला आणला तेव्हा कळ्या होत्या, त्या फुलल्या आणि नंतर एकही आली नाही. आता तर नुसत्या काड्या उरल्यात. सासूबाई म्हणतात, हिच्या हाताला गुण नाही. तुम्ही पत्रात विचारलंय की चुकतंय कुठे, आता काय लावू आणि मोगरा टाकून देऊ का.

ठाण्यात घरोघरी जाऊन कुंड्या सांभाळायचं काम मी २६ वर्षं करतोय. त्याआधी वसईकडे आमची वाडी होती. आई पहाटेच्या गाडीनं फुलांची टोपली घेऊन दादरला जायची. हाताला गुण नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. भोक बुजलेल्या कुंड्या मात्र रोज भेटतात. सासूबाईंचा अनुभव खोटा नाही, पण तो नौपाड्याच्या तळमजल्याचा आहे. तिथे जमीन होती, भिंतींचा आडोसा होता आणि जास्त झालेलं पाणी आपोआप जमिनीत मुरत होतं. सतराव्या मजल्यावर त्यातलं काहीच नाही.

आधी मातीचं बोलू. तुमची निम्मी झाडं तिथेच गेली आहेत.

नर्सरीत मिळणारी बरीचशी झाडं तिथे वाढलेली नसतात. ती पुण्याकडून, आंध्रातल्या कडियममधून, गुलाब तर पार बंगालकडून ट्रकने येतात. प्रवासात मुळं सुटू नयेत म्हणून ती चिकणमातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. वाटेत या गोळ्याचा उपयोग होतो, घरी तोच झाडाच्या जिवावर उठतो. तुमच्या गेलेल्या गुलाबांपैकी एकाची कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा. बाहेरची भुसभुशीत माती गळून पडेल आणि मध्ये नारळाएवढा एक घट्ट गोळा हातात येईल. तो फोडून पाहा. एक तर आत ठणठणीत कोरडा असेल, नाहीतर चिखल असेल आणि त्याला गटारासारखा वास येईल. पांढरी, जिवंत मुळं गोळ्याच्या बाहेर आलेलीच दिसणार नाहीत. तुम्ही वरून पाणी घालत होतात, ते भुसभुशीत मातीतून सरळ खाली जात होतं. उन्हाळ्यात गोळा तहानलेला राहिला आणि पावसाळ्यात एकदा भिजला तो वाळलाच नाही.

म्हणून झाड आणलं की त्याच दिवशी कुंडीत लावायची घाई करू नका. आठ-दहा दिवस तुमच्या हवेत, सावलीत तसंच राहू द्या. मग संध्याकाळी पिशवी कापा आणि गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. बोटांनी हळूहळू चोळून बाहेरची निम्मी माती सोडवा. सगळी काढायला जाऊ नका, बारीक मुळं तुटतात. जास्वंद आणि मोगरा हे सहन करतात. गुलाबाच्या बाबतीत मी फक्त कडा सैल करतो. लावल्यावर आठवडाभर सावली, आणि खत अजिबात नाही. ताज्या लावलेल्या झाडाला खत घालणं म्हणजे ऑपरेशन झालेल्या माणसाला पुरणपोळी वाढणं.

कुंडीत भरायला मी दोन भाग लाल माती, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके खडे) घेतो. बारा इंची कुंडीला मूठभर नीमपेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पहिलं तपकिरी पाणी फेकून द्या आणि पुन्हा एकदा धुवा, कारण स्वस्त कोकोपीटमध्ये क्षार असतात. नुसती माती मी उंच मजल्यावर वापरत नाही, त्याला वजनाचंही कारण आहे. मातीने भरलेली बारा इंची कुंडी पाणी प्यायल्यावर वीस-पंचवीस किलोला सहज जाते. अशा दहा कुंड्या एका कडेला मांडल्या तर बाल्कनीवर काय भार येतो याचा हिशोब तुम्हीच करा. आणि कृपा करून येऊरहून गाडीच्या डिकीत माती भरून आणू नका. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. शिवाय ती माती कुंडीत दोन महिन्यांत दगड होते.

भोकाचंही बघा. बाजारातल्या रंगीत प्लास्टिकच्या कुंड्यांना भोकाची जागा नुसती आखलेली असते, ती आपण पाडायची असते. गेल्या जुलैत एका सोसायटीत मी सहा कुंड्या उलट्या केल्या तर चार बंदच निघाल्या. ताई म्हणाल्या, मला वाटलं ती डिझाइन आहे! भोकावर खापरीचा तुकडा बाक वर करून ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही.

आता उजेड. झाडं विकत घेताना लोक पानं बघतात, फूल बघतात, किंमत बघतात. आपल्या घराची दिशा मात्र नर्सरीत पोहोचेपर्यंत विसरलेले असतात. तुमच्या बाल्कनीला दुपारी एक-दीडनंतर ऊन येतं आणि सूर्य समोरच्या डोंगराआड जाईपर्यंत राहतं. एप्रिल-मेमध्ये ते सकाळच्या उन्हासारखं मऊ नसतं. पश्चिमेची लादी संध्याकाळी सातलाही अनवाणी पायाला चटका देते, कुंडीतली मुळं त्याच लादीवर बसलेली असतात. म्हणून कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवायच्या, लादीला टेकवायच्या नाहीत. आणि होळी झाली की मृगापर्यंत पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधायची. अँथुरियम त्या उन्हात पहिल्याच आठवड्यात करपलं असणार. ते सावलीचं झाड, त्याला तिथे ठेवायलाच नको होतं.

तुमच्या मैत्रिणींच्या दिशा वेगळ्या असतील, म्हणून तेही सांगून टाकतो. पूर्वेची बाल्कनी सगळ्यात सोपी, सकाळचं ऊन जवळजवळ सगळ्यांना मानवतं. दक्षिणेची हिवाळ्यात खरी उपयोगी: डिसेंबरात दुपारचा सूर्य खाली उतरलेला असतो, त्यामुळे ऊन आत खोलवर येतं आणि शेवंती, झेंडू, पिटुनिया खूश असतात. मे महिन्यात त्याच बाल्कनीत वरच्या मजल्याची सावली पडते आणि लोक गोंधळतात की ऊन गेलं कुठे. उत्तरेच्या बाल्कनीत फुलझाडांचा हट्ट धरू नये. आपल्याकडे मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. तिथपासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी उत्तरेला असतो, तेवढंच काय ते थेट ऊन. त्यातही निम्मे दिवस ढगांचे. उत्तरेला फर्न, सिंगोनियम, अॅग्लोनिमा लावा आणि शांत बसा.

घराच्या आतला उजेड डोळ्यांनी ओळखता येत नाही, आपले डोळे फार लवकर सवय करून घेतात. दुपारी बारा वाजता झाड ठेवायच्या जागी एक पांढरा कागद ठेवा आणि त्यावर एक फूट उंचीवर हात धरा. बोटं वेगवेगळी दिसतील अशी ठसठशीत सावली पडली तर उजेड भरपूर आहे. कडा पुसट असतील तर मध्यम. सावलीच दिसत नसेल तर तिथे मूर्ती ठेवा, झाड नको. टॉवरच्या काळपट काचा आणि डासांची जाळी मिळून उजेडाचा बराच भाग खातात, तोही यात आपोआप मोजला जातो.

उंच मजल्यावरचा तिसरा शत्रू वारा. उन्हाइतकं वाऱ्याचं कोणी मनावर घेत नाही. खाडीकडून आणि डोंगरातून येणाऱ्या वाऱ्याला सतराव्या मजल्यावर अडवायला काही नसतं. पानांतलं पाणी तो असा ओढून घेतो की माती ओली असूनही झाड मान टाकतं. तुम्हाला वाटतं तहान लागली, तुम्ही आणखी पाणी घालता, आणि मुळं कुजतात. अरेका पामचं तुम्ही लिहिलंय की ‘एसीच्या डब्याशेजारी कोपरा रिकामा होता’. तो कोपरा कायम रिकामाच ठेवा. बाहेरच्या युनिटमधून गरम, कोरडी हवा निघते, अरेकाची पानं त्यात पापडासारखी कुरकुरीत होतात. त्या एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र बादलीत धरा. त्यात क्षार जवळजवळ नसतात, पीस लिली आणि फर्नला ते छान चालतं. याच्या उलट आरओचं वाया जाणारं पाणी: त्यात क्षार दाटलेले असतात, त्याने लादी पुसा. तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येत असेल आणि ते बोअरचं पाणी असेल तर मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी भुकटी दिसेल. महिन्यातून एकदा वरची अर्धा इंच माती खरवडून काढा आणि कुंडीतून भरपूर साधं पाणी वाहू द्या.

कठड्यावर, म्हणजे रेलिंगच्या बाहेरच्या बाजूला लटकवायच्या ज्या कुंड्या मिळतात, त्या मी कुणाच्याही घरी लावून देत नाही. सतराव्या मजल्यावरून अर्धा किलोची कुंडीसुद्धा खाली कुणाचं काय करेल सांगायला नको. आतल्या बाजूला लटकवा.

पाणी किती घालायचं, हा प्रश्न मला दिवसातून पाच वेळा येतो आणि त्याचं कपात किंवा तांब्यात उत्तर नाही. ‘रोज एक कप’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, तिथे ओल लागली तर आज पाणी नाही. लहान कुंडी असेल तर उचलून बघा, चार दिवसांत हाताला वजन कळायला लागतं. घालाल तेव्हा मात्र खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. वरवर शिंपडलं की मुळंही वरवरच राहतात आणि मेमध्ये आधी तीच भाजतात. तुमच्या पश्चिमेच्या बाल्कनीत मोगऱ्याला मेमध्ये दिवसातून दोन वेळा पाणी लागेल आणि जुलैत कदाचित पंधरा दिवस लागणारही नाही.

तुळस अशीच गेली. अंघोळ झाली की तांब्याभर पाणी, आषाढातही चुकलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. भाव समजतो, पण आषाढात आकाशच तिला पाणी घालत असतं. त्या दिवसांत चमच्याने, नैवेद्याला पाणी फिरवतो तेवढंच घाला, सासूबाईंनाही पटेल. मंजिऱ्या आल्या की खुडत जा, नाहीतर तिला वाटतं आपलं काम झालं आणि ती वाळायला लागते. दोन-तीन वर्षांत तुळस म्हातारी होतेच, त्यात अपशकुन काही नाही. थोड्या मंजिऱ्या राखून ठेवायच्या, वैशाखात बी चुरून शेजारच्या कुंडीत टाकायचं. माझ्याकडची तुळस आईच्या तुळशीची कितवी पिढी आहे ते आता मलाही मोजता येत नाही.

अॅडेनियम पावसात गेलं. त्याच्या फुगीर खोडातच पाण्याचा साठा असतो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याला छपराखाली कोरडं ठेवायचं असतं. खोड दाबलं की पिकलेल्या केळ्यासारखं लागत असेल तर सोडून द्या.

गुलाबाबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. आपल्या दमट हवेत मोठ्या फुलांचे कलमी गुलाब ही रोजची चाकरी आहे. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येतात, पानं गळतात, मग फवारणी, मग पुन्हा ठिपके. पश्चिमेच्या बाल्कनीत पावसाचा मारा थेट पानांवर, त्यामुळे तर विचारूच नका. हौस असेल तर गावठी गुलाबी गुलाब लावा, गुलकंदाचा. दिसायला साधा, पण वास आख्ख्या घरात. पाऊस उघडला की ऑक्टोबरात छाटायचा, दीड महिन्यात फुलं. कलमीच हवा असेल तर एक लक्षात ठेवा: कलमाच्या गाठीच्या खालून येणारा फुटवा मुळातूनच काढायचा. तो जोमदार दिसतो म्हणून लोक कौतुकाने वाढवतात आणि वर्षभराने मूळचा लाल गुलाब मरून जंगली झुडूप उरतं.

आणि आता मोगरा. चैत्रात नर्सरीतून कळ्यांनी लगडलेला मोगरा आणायचा, पंधरा दिवस वास घ्यायचा आणि नंतर ‘फसवलं’ म्हणायचं, हे दरवर्षीचं आहे. नर्सरीवाल्याने फसवलेलं नसतं. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. नवी फूट यायला छाटणी लागते आणि कळी धरायला किमान पाच-सहा तासांचं ऊन लागतं. तुमच्याकडे ऊन आहे, छाटणी झाली नाही. वरून तुम्ही दर आठवड्याला हिरवं द्रवखत घालत होतात. त्यातल्या नत्राने पानं गर्द झाली आणि कळ्या विसरल्या. पालघरकडे जव्हार, विक्रमगडच्या डोंगरात आदिवासी शेतकरी मोगऱ्याची शेती करतात. तिथे एकदा जाऊन बघा, कंबरेएवढी खुजी झुडपं, कोणी उंच वाढू देत नाही.

घरच्या मोगऱ्याचं वेळापत्रक मी सणांवर बसवलंय. दत्तजयंती झाली की पाणी कमी करायचं, पानं थोडी मलूल झाली तरी घाबरायचं नाही. संक्रांतीच्या आसपास कात्री धारदार करून, फडक्याने पुसून, सगळ्या फांद्या एक-सव्वा फुटावर कापायच्या. वाळक्या आणि आत घुसलेल्या बुडापासून काढायच्या. उरलेली पानं हाताने खुडून टाकायची. इथे मन घट्ट करावं लागतं. वरची दोन इंच माती काढून तिथे गांडूळखत आणि मूठभर हाडांचा चुरा भरायचा, शाकाहारी घरात चालत नसेल तर शेणखत आणि चुलीची राख. आणि त्या दिवसापासून पाणी पूर्ववत. महाशिवरात्रीपर्यंत प्रत्येक डोळ्यातून तांबूस कोंब येतात, होळीच्या सुमारास कळ्या दिसतात. पहिला बहर संपला की सुकलेल्या फुलाखालच्या पानांच्या दोन जोड्यांपर्यंत शेंडा खुडायचा. पाच-सहा आठवड्यांनी दुसरा बहर. पावसाळ्यात त्याला विश्रांती द्यायची आणि पाणी साचू द्यायचं नाही, बस. बटमोगरा दिसायला देखणा, पण फुलं मोजकी. नवख्या माणसाने साधा किंवा हजारी मोगरा लावावा, ओंजळ भरते.

जास्वंदीवरचे पांढरे कापसासारखे किडे म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी मुंग्या बघा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर त्याच या किड्यांना फांदीफांदीवर नेऊन सोडतात, त्यांच्या गोड स्रावासाठी. चहाचा चोथा साखरेसकट कुंडीत टाकत असाल तर मुंग्यांना आमंत्रण तुम्हीच दिलंय. जास्त किडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, खाली फेकू नका. उरलेले पाण्याच्या जोरदार धारेने धुवून काढा. मग एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली नीमतेल आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे काही थेंब. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. एकदा फवारून ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणू नका. अंडी शिल्लक असतात.

मिस्टरांना हॉलमध्ये ‘ऑक्सिजन देणारी’ झाडं हवीत असं लिहिलंय. झाडं घरातली हवा शुद्ध करतात ही समजूत १९८९ सालच्या नासाच्या एका अभ्यासावरून पसरली. तो खरा होता, पण झाडं लहानशा बंद चेंबरमध्ये ठेवून केलेला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अभ्यासांचे आकडे खऱ्या घराला लावून पाहिले. घरातली हवा खेळती असल्याने जेवढी शुद्ध होते, तेवढी झाडांनी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं उत्तर आलं. मिस्टरांना सांगा, खिडकी उघडा. झाड डोळ्यांना बरं वाटतं म्हणून ठेवा, ते कारण पुरेसं आहे.

हॉलसाठी तुमच्याकडे वाचलेल्यांपैकी स्नेक प्लांट, पीस लिली आणि मनीप्लांट ही तिन्ही बरोबर आहेत. स्नेक प्लांटला पंधरा दिवसांनी पाणी, पावसाळ्यात महिन्याने. त्याला मारायचा एकच मार्ग आहे, प्रेम. पीस लिली तहान लागली की सगळी पानं खाली टाकते आणि पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते. नवख्यांसाठी तिच्यासारखी शिक्षिका नाही. फक्त रोज तसं होऊ देऊ नका. झीझी प्लांट आणून बघा, मंद उजेडाच्या कोपऱ्याला तेही सोसतं. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसा. घोडबंदरच्या रस्त्याची धूळ किती असते ते तुमच्या पडद्यांना विचारा.

ते ठिपकेदार, मोठ्या पानांचं, नाव नसलेलं झाड: तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ते डिफेनबॅकिया असावं. खोड जाडसर, पानाच्या मध्ये फिकट पिवळा पट्टा आणि ठिपके असतील तर नक्कीच. दिसायला सुंदर, पण त्याच्या रसात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. लहान मुलाने पान चावलं तर तोंड, जीभ सुजते, भयंकर आग होते. तुमचा मुलगा दीड वर्षांचा आहे. मी तुमच्या जागी असतो तर ते आजच उचलून वर, त्याचा हात पोहोचणार नाही तिथे ठेवलं असतं, किंवा मूल नसलेल्या घरी देऊन टाकलं असतं. मनीप्लांट आणि पीस लिलीमध्येही हाच प्रकार कमी प्रमाणात असतो, त्याही उंचावर. सासूबाईंनी पूजेसाठी कण्हेर सुचवली असेल तर मुलगा मोठा होईपर्यंत थांबा. कण्हेरीचं पान, फूल, सगळंच विषारी.

मनीप्लांट बाटलीतल्या पाण्यात ठेवला असेल तर पाणी दर आठवड्याला बदला आणि बाटली आतून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. पालिकेची माणसं पावसाळ्यात घरी येऊन पहिल्यांदा कुंडीखालच्या ताटल्या आणि मनीप्लांटच्या बाटल्याच बघतात. जून ते ऑक्टोबर मी सगळीकडच्या ताटल्या काढूनच टाकतो.

आता काय लावायचं. पाऊस ओसरतोय, ही वेळ चांगली आहे. ऑक्टोबर हीटचे दोन आठवडे सांभाळून घ्या. एकदम बारा नको, चार आणा. जास्वंद आहेच, ती साधी लाल, पाच पाकळ्यांची असेल तर तुमच्या वाऱ्या-उन्हात उत्तम. गोकर्णाचा वेल ग्रिलवर चढवा: बी रात्रभर भिजवून लावायचं, दीड-दोन महिन्यांत निळी फुलं, नाजूकपणा शून्य. कुंद लावा, थंडीत मोगऱ्याची उणीव भरून काढतो. आणि कडेच्या, थोड्या सावलीच्या जागी अबोली. अबोली लावाच. तिला फार ऊन लागत नाही, फुलं आठवडाभर झाडावर टिकतात आणि तुमच्या मुलासाठी एक गंमत आहे तिच्यात. फुलं सुकली की कणसात तपकिरी, टोकदार बोंडं तयार होतात. ती दोन-चार बोंडं वाटीभर पाण्यात टाका आणि थांबा. थोड्या वेळाने फट् आवाज होतो आणि बी उडून वाटीबाहेर पडतं. पहिल्या पावसात झाड हेच करतं. आमच्या लहानपणी शाळेत दप्तरात लपवून नेऊन हा उद्योग चालायचा.

शेवंती आणलीत तर रात्री बाल्कनीतला दिवा बंद ठेवा. तिला कळ्या धरायला लांब, अखंड रात्र लागते. हॉलचा किंवा सोसायटीच्या उंच खांबावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत राहिला तर ती नुसतीच पानांनी वाढत राहते. मागे एकांनी दोन वर्षं मला बोल लावला, शेवटी कारण निघालं त्यांच्या बाल्कनीतली शोभेची दिव्यांची माळ.

फुलदाणीतल्या फुलांचं विचारलंत, ते थोडक्यात. जांभळी नाक्यावरून निशिगंध किंवा जरबेरा आणला की घरी देठ पुन्हा तिरपा कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका आणि पाणी रोज बदला. फळांच्या टोपलीशेजारी फुलदाणी ठेवू नका. पिकणाऱ्या केळ्या-आंब्यांतून निघणाऱ्या वायूने फुलं लवकर माना टाकतात.

राहिला तुमचा काड्या झालेला मोगरा. टाकू नका अजून. बुडाजवळच्या जाड फांदीची साल नखाने अगदी जराशी खरवडा. खाली तपकिरी, कोरडं लाकूड लागलं तर थोडं आणखी खाली, मातीलगत बघा. कुठेही ओलसर हिरवं दिसलं तर तो जिवंत आहे. हिरव्याच्या अर्धा इंच वर कापा, कुंडीतून काढा, काळी-मऊ मुळं कापून टाका, गोळा उरला असेल तर आधी सांगितलं तसा सोडवा आणि आठ इंची लहान कुंडीत, कोरडसर मिश्रणात लावा. मोठी नको, मुळं कमी असताना मोठ्या कुंडीतली ओल वाळत नाही. सावलीत ठेवा, बोट लावूनच पाणी द्या. कोजागिरी ते दिवाळी या दिवसांत मातीलगत तांदळाएवढे हिरवे ठिपके दिसले तर संक्रांतीला छाटू नका, यंदा त्याला नुसतं वाढू द्या, छाटणी पुढच्या वर्षी. दिवाळीपर्यंत काहीच हललं नाही तर माती काढून चार दिवस उन्हात पसरा, उलटीसुलटी करा आणि अबोलीसाठी वापरा.